नवी अँग्लिकन मंडळी उभी करताना: कामे कोणत्या क्रमाने करावीत

सोलापूर शहर विजापूर रोड, होटगी रोड आणि जुळे सोलापूरच्या दिशेने पसरत गेले, तशी आपली कुटुंबेही तिकडे राहायला गेली. उपासनेसाठी मात्र रविवारी सकाळी मुलाबाळांसह जुन्या शहरात यावे लागते. मग कोणाच्या तरी घरची बुधवारची प्रार्थनासभा वाढत जाते, ओसरी अपुरी पडू लागते आणि एके दिवशी चहा घेता घेता कोणीतरी म्हणते, "आता इकडे आपली मंडळी सुरू करू या." इथपर्यंत सगळे ठीक असते. पुढच्या आठवड्यात फ्लेक्स छापला जातो, त्यानंतर स्पीकर येतो, महिनाभरात प्लॉट पाहायला सुरुवात होते. परवानगी, सभासदांची यादी आणि हिशेबाची वही यांची आठवण मात्र वर्षभराने, पहिले भांडण झाल्यावर होते. अशाच एका गटाचा मी तीन वर्षे सेक्रेटरी होतो. या लेखातील निम्म्या चुका आमच्या स्वतःच्या आहेत.

दोन शब्दांचा अर्थ आधी ठरवून घेऊ. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रोटेस्टंट चर्चसंघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. उत्तर आणि पश्चिम भारतातील अँग्लिकन चर्च, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली संघटना, त्यांपैकीच एक होती. त्यामुळे इतर देशांत ज्याला 'पॅरिश' म्हणतात, त्याला आपल्या कागदपत्रांत 'पास्टोरेट' म्हणतात. या लेखात 'मंडळी' म्हणजे एकत्र उपासना करणारी माणसे आणि 'पास्टोरेट' म्हणजे डायोसिसने, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालील विभागाने, मान्यता दिलेले एकक. माणसे जमली की मंडळी होते. पास्टोरेट तेवढ्याने होत नाही, आणि पुढचे बहुतेक घोळ हा फरक विसरल्यामुळे होतात.

## टप्पा १: आधी मूळ पास्टोरेटचे पाळकसाहेब, मग बिशपांचे कार्यालय

स्वतंत्र मंडळ्यांमध्ये चार कुटुंबे एकत्र येऊन पाळक बोलावू शकतात. बिशपांच्या अधिकाराखालील मंडळीत तसे करता येत नाही. पाळकांची नेमणूक बिशप करतात आणि तुमचा भाग आजही कोणत्या ना कोणत्या पास्टोरेटच्या हद्दीत असतोच. म्हणून सर्वांत आधी त्या पास्टोरेटच्या पाळकसाहेबांना जाऊन भेटावे. फोनवर सांगू नये आणि उपासनेनंतर दारात उभ्या उभ्याही बोलू नये. वेळ मागून, दोन वडीलधाऱ्या माणसांना सोबत घेऊन जावे. त्यांना ही बातमी दुसऱ्याकडून कळली, तर तुमचा अर्ज कितीही चांगला असला तरी तो फुटीचा अर्ज म्हणूनच वाचला जाईल.

अर्ज पास्टोरेट कमिटीमार्फत बिशपांकडे जावा. त्यात कोणत्या वस्त्यांतील किती कुटुंबे आहेत, सध्या ती कोठे उपासनेला जातात, अडचण नेमकी कोणती आहे आणि काय हवे आहे, एवढेच लिहावे. पहिल्याच अर्जात पास्टोरेटचा दर्जा मागू नये. मूळ पास्टोरेटच्या देखरेखीखाली उपासना केंद्र चालवण्याची परवानगी मागावी. ही पायरी अनेकांना कमीपणाची वाटते, पण तिचा फायदा तुमचाच आहे: प्रभुभोजनासाठी (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीसाठी) पाळक मिळतात, रजिस्टरे मिळतात, पैशासाठी आधीपासून चालू असलेले खाते मिळते, आणि प्रयत्न फसला तर सभासदांना परत जायला घर उरते.

सावधान: सह्यांची मोहीम काढून अर्ज करू नका. शंभर सह्यांचा कागद पाहिला की कार्यालयाला मागणीपेक्षा धमकी आधी दिसते.

पुढे जाण्यापूर्वी पाहा: लेखी परवानगीचे पत्र, त्यावरील जावक क्रमांक आणि तारखेसह, फाइलमध्ये लागले आहे का? "साहेबांनी होकार दिलाय" हे पत्र नव्हे.

## टप्पा २: घरोघरी जाऊन केलेली यादी

परवानगी येईपर्यंतचे दोन-तीन महिने या कामाला द्यावेत. या टप्प्यावर घाई केली की पुढचा प्रत्येक अंदाज चुकतो. आमची पहिली यादी आम्ही एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तयार केली होती. त्यात चौसष्ट कुटुंबे होती आणि त्या आकड्यावर विसंबून आम्ही सव्वाशे खुर्च्या भाड्याने आणल्या. पहिल्या रविवारी एकतीस माणसे आली. खुर्च्यावाल्याने पैसे सव्वाशेचेच घेतले, हे वेगळे सांगायला नको.

यादी करण्यासाठी दोघांनी मिळून प्रत्येक घरी जावे. शक्य असेल तर त्यांत एक बाई असावी. शाळेची मोठी रेघांची वही घेऊन प्रत्येक कुटुंबाला एक पूर्ण पान द्यावे. त्यावर घरातील प्रत्येकाचे नाव, जन्मवर्ष, बाप्तिस्मा कोठे झाला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झाले आहे की नाही, सध्या कोणत्या मंडळीचे सभासदत्व आहे, घरात कोणती भाषा बोलतात, रविवारी कोण कामावर असते आणि उपासनेला येण्याचे साधन काय, हे लिहावे. शेवटचे तीन रकाने निरर्थक वाटतात, पण सोलापुरात उपासनेची वेळ तेच ठरवतात. रेल्वेतल्या माणसाची पाळी बदलती असते. कारखान्यात काम करणाऱ्याची सुट्टी रविवारीच असेल असे नाही. रुग्णालयातील परिचारिका रात्रपाळी संपवून थेट उपासनेला येते आणि प्रवचनात डुलक्या घेते. त्याबद्दल तिला कोणी टोकू नये, पण तिला शास्त्रपाठ वाचायला देण्याआधी तिची पाळी विचारून घ्यावी.

भाषेचा रकाना तर कधीच गाळू नये. आपल्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी बोलणारी घरे असतात. मुले शाळेमुळे मराठी बोलतात, म्हणून घराची भाषा मराठी असे आपण लिहून मोकळे होतो. आमच्याकडे एक तेलुगू आजी सलग चार रविवार न चुकता आल्या आणि पाचव्या रविवारपासून दिसेनाशा झाल्या. घरी जाऊन विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की गाणी चांगली आहेत, पण प्रभूची प्रार्थना कधी सुरू होऊन कधी संपते तेच कळत नाही. त्यानंतर प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत म्हणायची, असे आम्ही ठरवले. पहिले दोन आठवडे गलबला झाला, मग सगळे शेवटच्या 'आमेन'ला आपोआप एकत्र येऊ लागले.

यादीत "येणार" आणि "आले" हे दोन वेगळे आकडे ठेवा. पहिला आकडा कोणाला सांगू नका. नाताळच्या उपस्थितीवरून तर काहीच ठरवू नका.

सावधान: दुसऱ्या मंडळीचा सभासद तुमच्याकडे येऊ इच्छित असेल, तर त्याने आधीच्या पाळकांकडून बदलीपत्र आणावे. त्याची वर्गणी तिकडे थकलेली असेल, तर ते तुम्हाला याच वेळी कळेल. तसेच धान्य, औषधे किंवा शाळेची फी यांची मदत आणि उपासनेची उपस्थिती यांचा एकमेकांशी संबंध लावू नका, तसा भास होईल असेही काही करू नका. मदत द्यायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी आणि कोणालाही द्यावी.

## टप्पा ३: कामचलाऊ समिती

येथे फार वेळ घालवू नये. पाळकसाहेबांनी पाच ते सात जणांची नावे लेखी द्यावीत आणि मुदत एक वर्षाची ठेवावी. निवडणूक नंतर, मतदार यादी पक्की झाल्यावर घ्यावी. खजिनदार आणि सेक्रेटरी एकाच घरातले नसावेत. दोन बायका आणि तिशीच्या आतला एक जण समितीत असावा, आणि त्यांच्याकडे चहापाणी व खुर्च्या यांच्यापलीकडचे काम असावे. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून पुढच्या बैठकीत वाचून त्यावर सही घ्यावी. सुट्ट्या कागदांवर लिहू नये. पानांना क्रमांक असलेली बांधीव वही चाटी गल्लीत कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

## टप्पा ४: जागा भाड्याने, तीही तपासून

जागा पाहायला दोनदा जावे: एकदा रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी आणि एकदा एप्रिल-मेमधील दुपारी. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या छताखाली साडेदहाची उपासना जूनमध्ये जमते, मे महिन्यात वृद्धांना भोवळ येते. वरच्या मजल्यावरचा हॉल स्वस्त पडतो, पण ज्यांच्यासाठी मंडळी जवळ आणायची तेच जिना चढू शकत नाहीत. पाण्याची टाकी किती मोठी आहे आणि त्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे मालकाला विचारू नये, शेजाऱ्याला विचारावे.

भाडेकरार तोंडी किंवा नुसत्या नोटरीवर ठेवू नये. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे. 'कौटुंबिक कार्यक्रम' असे मोघम न लिहिता जागेचा वापर रविवारच्या उपासनेसाठी होणार आहे, हे करारात स्पष्ट लिहावे. जागा गृहनिर्माण संस्थेच्या आवारात असेल, तर संस्थेचे लेखी नाहरकत पत्र घ्यावे. करार मूळ पास्टोरेटच्या नावे व्हावा.

ध्वनिक्षेपकाबद्दल बहुतेकांचा समज अर्धवट असतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणांसाठी सरकार वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. नाताळची मध्यरात्रीची उपासना त्या सुटीत बसते की नाही हे त्या वर्षीच्या आदेशावरून पाहावे, आणि पोलिसांची परवानगी डिसेंबरच्या सुरुवातीलाच मागावी. खरे तर चाळीस माणसांच्या हॉलला स्पीकर लागतच नाही. आम्ही पहिल्या सहा महिन्यांत स्पीकरवर जेवढा खर्च केला, तेवढ्यात दोन पंखे आणि एक तबल्याची जोडी आली असती.

### प्लॉटचा मोह

या टप्प्यावर कोणीतरी भला माणूस म्हणतो, "माझा दोन गुंठ्यांचा तुकडा देतो, बांधा तिथे चर्च." त्याचे आभार मानावेत आणि कागद मागावेत. सातबारा कोणाच्या नावे आहे, जमीन अकृषिक झाली आहे का, वाटणी झाली आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता पायाखालचा, हे पाहिल्याशिवाय पायाभरणीची प्रार्थनासुद्धा करू नये. शहराच्या कडेचे कितीतरी गुंठे नोटरीच्या कागदावर विकले गेले आहेत. अशा कागदाने मालकी मिळत नाही आणि महापालिकेची बांधकाम परवानगीही मिळत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे "सध्या खजिनदारांच्या नावे घेऊ, नंतर बदलू" ही. खजिनदार वारले की त्यांच्या वारसांची नावे लागतात, आणि वारसांची मंडळीशी गाठ असेलच असे नाही. स्थावर मिळकत डायोसिसची मालमत्ता धारण करणाऱ्या नोंदणीकृत न्यासाच्याच नावे व्हावी. सार्वजनिक न्यासाची जमीन १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. हे बंधन काहींना जाचक वाटते; मला ते कुंपण वाटते.

पुढे जाण्यापूर्वी पाहा: करार नोंदला का? वर्षभराचे भाडे सध्याच्या दानातून निघते का, की कोणा एकाच्या खिशातून जाते?

## टप्पा ५: पैसा

येथे सावकाश वाचावे.

दान मोजण्याची पद्धत पहिल्या रविवारीच ठरवावी, कारण ती नंतर बदलू पाहिली तर संशय घेतल्यासारखे वाटते. आमची पद्धत अशी होती. उपासना संपताच दानाची थैली समोरच्या टेबलावरच उघडली जाई. वेगवेगळ्या घरांतील दोन माणसे मोजत आणि तिसरा लिहीत असे. नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या, नाणी वेगळी, आणि नाव लिहिलेली पाकिटे न फोडता आधी बाजूला. पाकीट फोडले की आतली रक्कम पाकिटावरच लिहायची आणि रिकामे पाकीट महिनाभर ठेवायचे. शेवटी छापील चिठ्ठीवर तिघांच्या सह्या घ्यायच्या आणि एकूण रक्कम तिथेच वाचून दाखवायची. सगळ्याला वीस मिनिटे लागत. एका रविवारी पाऊस आला म्हणून थैली तशीच कोणाच्या तरी घरी गेली आणि सोमवारी मोजली गेली. रक्कम बरोबरच होती, पण ती बरोबर होती हे आम्ही पुढचे तीन महिने लोकांना सांगत होतो.

खाते वैयक्तिक नसावे. केंद्राची स्वतंत्र खतावणी ठेवून पैसे मूळ पास्टोरेटच्या खात्यात भरावेत, किंवा डायोसिसच्या लेखी संमतीने दोन सह्यांचे वेगळे खाते उघडावे. आता निम्मे दान मोबाइलवरून येते, म्हणून क्यूआर कोडचा फलक लावण्यापूर्वी स्वतःच्या फोनवरून तो स्कॅन करून पाहावा: पडद्यावर मंडळीचे नाव दिसते की खजिनदारांच्या चिरंजीवांचे? "माझा कोड आहे तोवर वापरा" असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती रक्कम प्राप्तिकर खात्याला त्याचे उत्पन्न दिसू शकते आणि मंडळीला त्याची मेहरबानी.

पावतीवर "करसवलत मिळेल" असे छापू नये. केवळ एका धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीला सहसा ती सवलत लागू होत नाही. लेखापरीक्षकाला विचारल्याशिवाय त्याबद्दल एक शब्दही बोलू नये. परदेशातील भावाने किंवा मित्रमंडळीने पैसे पाठवतो म्हटले, तर त्याला थांबवावे. परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी व्यक्तीचे किंवा संस्थेचे पैसे घेता येत नाहीत, आणि ते कोणा सभासदाच्या बचत खात्यात मागवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, गुन्हा आहे. भाऊ भारतीय पारपत्रावर आहे की परदेशी नागरिक झाला आहे, याने उत्तर बदलते, म्हणून डायोसिसच्या कार्यालयाला आधी विचारावे.

अंदाजपत्रक साधे ठेवावे: भाडे, वीज, पाळकांचा प्रवास, डायोसिसला द्यायचा वाटा, संडे स्कूल, आणि किल्ल्या-कुलपांसारखा किरकोळ खर्च. पाळकांच्या पगारातील वाटा पहिल्या वर्षापासून थोडा तरी उचलावा. पुढे पास्टोरेटचा दर्जा मागताना पहिला प्रश्न तोच असतो.

एक गोष्ट जाता जाता. कापणीच्या सणाला लिलाव होतो. ज्वारीची पायली, डाळिंबांची पाटी, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे यांना उत्साहात चौपट बोली लागते. बोली लागली म्हणजे पैसे आले, असे खजिनदाराने समजू नये. आमच्या पहिल्या लिलावातली एक कोंबडी सहा महिने उधारीत होती. तिच्याविषयी विचारायचे कोणी, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. तेव्हापासून लिलावाची वही वेगळी आणि वसुलीची मुदत पुढच्या रविवारपर्यंत.

## टप्पा ६: उपासना सुरू करणे

आधी कोणी काय करायचे याची मर्यादा पाहू. सकाळची किंवा संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रपाठ, गीते आणि परवानगी असल्यास प्रवचन हे अधिकृत सामान्य सभासद करू शकतात. प्रभुभोजनाचा विधी दीक्षित प्रेस्बिटरच, म्हणजे पूर्ण दीक्षा झालेले पाळकच, चालवतात. डिकन (पाळकपदाच्या आधीच्या पायरीवरचे सेवक) त्यांना साहाय्य करू शकतात, पण त्यांच्या जागी तो विधी करू शकत नाहीत. दृढीकरण बिशपांच्या हातून होते. "या रविवारी पाळकसाहेब आले नाहीत, तर भाकर-द्राक्षारस अमक्या भाऊंनी द्यावा" असा तोडगा कोणीही काढू नये. पाळक महिन्यातून एकदा येणार असतील, तर प्रभुभोजन महिन्यातून एकदाच होईल, आणि ते मंडळीला आधीच माहीत असावे.

सुरुवातीची तारीख निवडताना लोक नाताळ किंवा पुनरुत्थानाचा रविवार धरतात. दोन्ही टाळावेत. त्या दिवशी पाहुणे येतात, फोटो निघतात आणि पुढच्या रविवारी हॉल रिकामा दिसतो. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार मंडळीच्या वर्षाची सुरुवात म्हणून आकर्षक वाटतो, पण तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि नवख्या गटाला चार आठवड्यांत नाताळ पेलत नाही. जानेवारीचा मध्य तर नकोच, कारण सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शहरातले रस्ते कोठे बंद असतील आणि रिक्षा कोठून वळेल याचा भरवसा नसतो. माझे मत जूनच्या उत्तरार्धाचे आहे. तोवर पुनरुत्थान आणि पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) होऊन गेलेले असतात, शाळा उघडल्यामुळे गावी गेलेली कुटुंबे परतलेली असतात, ऊन उतरलेले असते, आणि नाताळापूर्वी पाच महिने साधे, कोणताही सण नसलेले रविवार मिळतात. सवय त्या रविवारांतच लागते.

पहिल्या उपासनेआधी कोणालाही न बोलावता दोन रविवार तालीम करावी, आणि ती पूर्ण वेळेची असावी. तेव्हाच लक्षात येते की तीन वाचकांकडे पवित्र शास्त्राची तीन वेगवेगळी भाषांतरे आहेत, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या जुन्या आणि नव्या प्रतींत गीतांचे क्रमांक जुळत नाहीत, पेटीचा सूर बायकांना फार वर जातो, आणि हॉलच्या मागच्या बाजूला पंख्याच्या आवाजात आशीर्वाद ऐकू येत नाही. गीताचा क्रमांक सांगताना पहिली ओळही वाचावी. पाठ वाचणाऱ्याला आदल्या बुधवारीच वचन कळवावे.

साहित्य थोडेच लागते: प्याला, थाळी, दोन पांढरी स्वच्छ वस्त्रे, टेबल, साधा क्रूस, दानाची थैली. ते मूळ मंडळीकडून तात्पुरते मिळाले, तर यादी करून सहीने घ्यावे. द्राक्षारस कोणता वापरायचा आणि उरलेल्याचे काय करायचे, हे पाळकसाहेबांना विचारून ठरवावे. प्रभुभोजनानंतर भांडी धुण्याचे काम एका ठरलेल्या माणसाकडे असावे. भाकरीचे तुकडे वस्त्रासह झटकले गेलेले एखाद्या वृद्धाने पाहिले, तर वर्षभराची मेहनत एका क्षणात हलकी होते.

सावधान: भाड्याच्या हॉलचे कायमचे समर्पण होत नसते. पाळकांनी सुरुवातीची प्रार्थना करावी. समर्पणाचा विधी स्वतःच्या मालकीच्या, कर्ज फिटलेल्या इमारतीसाठी राखून ठेवावा.

## टप्पा ७: रजिस्टरे, आणि दफनभूमीचा प्रश्न

बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन या चार नोंदी केंद्र म्हणून काम चालू आहे तोवर मूळ पास्टोरेटच्या रजिस्टरातच कराव्यात. स्वतःचे वेगळे रजिस्टर काढले, की वीस वर्षांनी दाखला मागायला आलेल्या मुलाला दोन दारे हिंडावी लागतात. तुमच्याकडे असावे ते उपासनेचे रजिस्टर: तारीख, उपासनेचा प्रकार, चालवणाऱ्याचे नाव, पाठ, उपस्थिती, दान, सही.

बाप्तिस्म्याची नोंद जन्मदाखला समोर ठेवूनच करावी. घरात "सोनू" म्हणतात म्हणून रजिस्टरात सोनू लिहिले गेले, तर पुढे शाळेचा दाखला आणि मंडळीचा दाखला जुळत नाही. चूक झाली तर खाडाखोड करू नये. समासात दुरुस्ती लिहून पाळकांची सही आणि तारीख घ्यावी.

विवाहासाठी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे. विवाह लावण्याचा अधिकार कोणाला आहे, सूचना कधी द्यायची, साक्षीदार किती, नोंद कोठे पाठवायची, हे सर्व मूळ पास्टोरेटच्या पाळकांकडून आधी समजून घ्यावे. या कायद्यानुसार विवाह सामान्यतः सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावावा लागतो. वऱ्हाड हैदराबादहून यायला उशीर झाला म्हणून रात्री नऊला विधी, असे चालत नाही. पत्रिका छापण्यापूर्वी वेळ पाळकांना दाखवावी.

दफनभूमीबद्दल कोणीच आधी विचार करत नाही. आमच्याकडे तिसऱ्याच महिन्यात एका गृहस्थांचा पहाटे मृत्यू झाला. मुलगा रडत सेक्रेटरीला, म्हणजे मला, विचारत होता, "काका, कुठे नेऊ या?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. नव्या केंद्राच्या सभासदांना जुन्या दफनभूमीत जागा मिळेल की नाही, खड्ड्याची फी किती, ती कोणी भरायची, खोदणाऱ्याचा फोन कोणाकडे, यांतले काहीच ठरलेले नव्हते. दुपारी तीनला सगळे मार्गी लागले, तेही मूळ मंडळीच्या एका पंचांनी न विचारता धावपळ केली म्हणून. तेव्हापासून नव्या केंद्राची फाइल कोणी मला दाखवायला आणली की मी परवानगीच्या पत्रानंतर दफनभूमीचे पत्र शोधतो.

पुढे जाण्यापूर्वी पाहा: मध्यरात्री फोन आला, तर पहिले तीन फोन कोणाला करायचे हे समितीतील प्रत्येकाला पाठ आहे का?

## टप्पा ८: पास्टोरेटचा दर्जा मागणे

पूर्ण वर्ष, म्हणजे एक नाताळ, एक उपवासकाळ (पुनरुत्थानाच्या सणाआधीचा), एक पुनरुत्थान आणि एक उन्हाळा पार पडल्याशिवाय हा अर्ज करू नये. अर्जासोबत बारा महिन्यांची उपस्थिती, लेखापरीक्षित हिशेब, अद्ययावत सभासद यादी, हद्दीचा नकाशा आणि मूळ पास्टोरेट कमिटीचा ठराव जोडावा. हद्द रस्त्यांच्या नावांनी लिहावी. "होटगी रोडचा परिसर" म्हणजे कोठपासून कोठपर्यंत, यावर दोन पास्टोरेटांत वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालू शकतो.

याच सुमारास कोणीतरी सुचवते की आपलाच वेगळा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून टाकू, म्हणजे कोणाची परवानगी लागायला नको. हे सुचवणाऱ्याचा हेतू कधी खरोखर चांगला असतो, पण परिणाम बहुधा एकच होतो: सात विश्वस्त एका बाजूला, मंडळी दुसऱ्या बाजूला आणि बिशप तिसऱ्या. विश्वस्त बदलले की बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यावा लागतो. तो दिला जात नाही, मग जुनेच विश्वस्त कागदावर राहतात आणि नवे केवळ भाषणात. बिशपांच्या लेखी संमतीशिवाय या वाटेला जाऊ नये.

मान्यतेचा निर्णय यायला वेळ लागतो. दरम्यान पाटी, लेटरहेड, शिक्का यांवर 'पास्टोरेट' हा शब्द घालू नये. निर्णय आल्यावर बिशप पाळक नेमतील, तेव्हा समितीने त्यांच्याकडे रीतसर चार्ज द्यावा: बांधीव वह्या पानांच्या संख्येसह, पावतीपुस्तके वापरलेली व कोरी वेगवेगळी मोजून, बँकेतील शिल्लक त्या दिवशीची, भाडेकराराची मूळ प्रत, मूळ मंडळीकडून तात्पुरत्या आणलेल्या आणि परत द्यायच्या वस्तूंची यादी, थकीत उधारी नावांसह. शेवटी लोखंडी कपाटाच्या दोन्ही किल्ल्या. आमच्याकडची दुसरी किल्ली खजिनदारांच्या घरी देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात पवित्र शास्त्राच्या मागे सापडली, तोवर नवे पाळकसाहेब कपाटापुढे खुर्ची टाकून दोन तास बसले होते.